नाण्यावरची गुडघे टेकलेली बाई

बाबासाहेब शिकताना राहिले ते कॅमडेनचं घर बघून झाल्यावर काका आम्हाला म्युझियममध्ये घेऊन गेले. काका म्हणजे आमच्या लीड्सच्या जयंती कमिटीतले ज्येष्ठ; फायनान्समध्ये जन्म गेला, जुन्या नाण्यांचा भारी नाद. बरोबर आम्ही दोघी: पत्रकं लिहिणारी मी आणि हॉस्पिटलात नर्स असलेली माझी मैत्रीण. जयंतीला ती पहिल्यांदाच स्टेजवरून बोलणार होती. शेअर्ड घरातल्या आपल्याच मराठी मुलींनी तिला आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तिची भांडी वेगळ्या शेल्फवर गेली. हे ती सांगणार होती. तोवर माझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

काचेमागे रोमन सोन्याचं नाणं. अंगठ्याच्या नखाएवढं, पण कालच पाडल्यासारखं लखलखीत. उभा सम्राट, समोर गुडघे टेकलेली बाई, आणि तो हात धरून तिला उठवतोय.

"हेच चित्र पत्रकावर," काका म्हणाले. "वर एकच शब्द. उद्धार!"

मला पटलं होतं. मथळा मनात मांडतही होते.

ती वाकून बघत राहिली. "काका, हिला गुडघ्यावर कुणी बसवलं?"

"अगं, ती बाई नाही. प्रांत आहे, रोमनांनी जिंकलेला."

"म्हणजे ह्यानंच."

"ह्यानं नाही गं, आधीच्यांनी."

"हा त्यांच्याच गादीवर ना? आणि प्रांत आहे तर पदर कशाला दिलाय?"

काका हसले. "तू नर्स आहेस की बॅरिस्टर?"

ती हसली नाही. "हे चित्र असेल तर मी बोलणार नाही. मला कुणी उठवलं नाही. मी माझी भांडी उचलली आणि त्या घरातून चालत बाहेर पडले."

मला त्या नाण्याचाच संताप आला. आधी वाकवायचं, मग हात द्यायचा, आणि तो हात सोन्यावर उमटवून राज्यभर फिरवायचा! आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? भाषणात उद्धार, किचनमध्ये वेगळं शेल्फ.

परतीच्या ट्रेनमध्ये मी लॅपटॉप उघडून चित्र काढून टाकलं. काका खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "मथळाही बदल."

जयंतीला हॉल भरलेला. ती बोलली. भांड्यांचं, शेल्फचं सगळं सांगितलं. बोलून पायऱ्या उतरू लागली तेव्हा काकांनी सवयीनं हात पुढे केला. तिनं त्या हाताकडे पाहिलं.

"काका, पाणी द्या ना."

काका पाणी आणायला गेले. ती एकटी खाली उतरली.