तात्यांचा दहावा आणि करंजावरचे कावळे

निरवांगीच्या नदीकाठचे कावळे मला चेहऱ्याने ओळखतात. गावातल्या निम्म्या लोकांना माझं नाव धड आठवत नाही (मी वालचंदनगरला शाळेत विज्ञान शिकवतो, गावात फक्त जेवायला आणि झोपायला असतो), पण कावळ्यांचं तसं नाही.

ही ओळख झाली ती शाळा सुरू झाल्या झाल्या. वाऱ्याने आमच्या वस्तीजवळच्या करंजावरून कावळ्याचं पिल्लू खाली पडलं. माझे वडील, म्हणजे तात्या, तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. अंगणातल्या पत्र्याखालच्या खाटेवरून त्यांनी ते पाहिलं आणि फर्मान सोडलं की पिल्लू उचल आणि घरट्यात ठेव. मी शिडी लावली, चढलो, पिल्लू जागेवर ठेवलं. तेवढ्यात त्याचे आईबाप आले. मला वाटलं, आभार मानायला आले. त्यांनी थेट माझ्या टाळूवर चोच मारली. आपलं पिल्लू या माणसाच्या हातात आहे, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. शिडीवरून उतरेपर्यंत मी अख्ख्या नदीकाठाचा पिल्लूचोर झालो!

तेव्हापासून मी करंजाखालून निघालो की दोघंही तुटून पडायचे. मी हेल्मेट घालू लागलो. मोटारसायकलवर तर घालायचोच, पण चालत दूध आणायला जातानाही घालायचो. गावात कौतुक झालं. सर नियमाला फार पक्के, असं लोक म्हणायचे.

संध्याकाळी घरी आलो की तात्या खाटेवरून विचारायचे, "आज काय केलं रं त्यांनी?" मी तिखटमीठ लावून सांगायचो. एका चोचीच्या तीन करायचो, पळताना चिखलात पडलो नसलो तरी पडायचो. तात्या खोकला येईपर्यंत हसायचे आणि आई मला ओरडायची. कॅनॉलच्या बाजूने दुसरा चांगला रस्ता होता. तिकडून ये म्हणून तिने कितीदा बजावलं. मी गेलो नाही. दिवसभर पत्र्याकडे बघत पडलेल्या माणसाला संध्याकाळी मी दुसरं काय सांगणार होतो? सातवीच्या चाचणीचे गुण?

श्रावण लागायच्या आधी तात्या गेले. घर एकदम मोठं वाटायला लागलं. संध्याकाळी गाडी लावली की मी उगाच खाटेकडे बघायचो आणि मग उगाच घड्याळाकडे.

दहावा नदीकाठी होता. गावाचे दहावे जिथे होतात ती जागा नेमकी त्या करंजासमोर आहे. मी आण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, ही अडचण हळूच सांगितली. न्हाव्याने माझं डोकं तासल्यावर ते निश्चिंत झाले. म्हणाले, आता कावळे ओळखायचे नाहीत. कावळा केस बघत नाही, चेहरा लक्षात ठेवतो, असं मी शास्त्रीयदृष्ट्या समजावायला लागलो, तर ते म्हणाले, "मास्तर, आज शाळा न्हाय."

पिंड मांडले. शेजारी पानावर भाकरी, खर्डा आणि तात्यांना आवडायची म्हणून जिलेबी. सगळे मागे सरकले. मी थोरला मुलगा म्हणून हात जोडून पुढे. करंजावरच्या कावळ्याने पिंडाकडे पाहिलं, जिलेबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि तो जिलेबी सोडून माझ्यावर आला! ताज्या तासलेल्या डोक्यावर चोच कशी लागते हे इथे लिहीत नाही. दहाव्याला हसू नये म्हणून पाहुण्यांनी तोंडावर टॉवेल धरले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, तात्यांवर लोकांचा फार जीव होता.

आण्णांचं मत पडलं की तात्यांची काहीतरी इच्छा राहिली आहे, मी ती पुरी करायचं कबूल करावं. मी म्हणालो, आईला अंतर देणार नाही. कावळा जागचा हलला नाही. मी म्हणालो, संगीताला (माझ्या बहिणीला) दर सणाला माहेरी आणीन. नाही. मग आण्णा कानाशी लागले, बांधाचा वाद मिटवीन असं म्हण. (बांधाचा वाद आण्णांशीच होता.) मी चार गावच्या पाहुण्यांसमोर बांध देऊन टाकला. कावळा आला, तो परत माझ्याच डोक्यावर.

संगीताला राहवलं नाही. डोळा जाईल म्हणून तिने धावत जाऊन गाडीवरचं हेल्मेट आणलं आणि माझ्या डोक्यात घातलं. इथे खरा घोटाळा झाला. माझ्या चेहऱ्यापेक्षा ते हेल्मेट कावळ्यांच्या जास्त ओळखीचं होतं! करंजावर असा कालवा उठला की पलीकडच्या काठाचेही कावळे आले. पिंडाकडे मात्र एकही फिरकेना.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू, शास्त्राला चालतं. आई सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "गवताच्या कावळ्याला काय कळतंय? खरा येऊ द्या. मी बसती."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आपला माणूस समाधानाने गेला, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि त्याच्या आड मी उभा होतो, हेल्मेट घालून.

मी आण्णांना सांगितलं, मी इथून जातो. थोरल्या मुलाने पिंडापुढून हलायचं नसतं, असं ते म्हणाले. मी ऐकलं नाही. मागच्या उसात शिरलो आणि पाठ करून उभा राहिलो. पाती हाताला कापत होती. मनात आलं, आज सांगायला काय जबरदस्त गोष्ट आहे, तात्या हसून हसून खाटेवरून पडतील. मग लक्षात आलं, आणि मी उसाच्या बुडख्याशी मटकन खाली बसलो.

पाठीमागून आवाज आला, "शिवला, शिवला." सगळ्यांनी पाहिलं. मी पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा आई पाणी पीत होती. आण्णांनी निकाल देऊन टाकला होता. मी नजरेआड व्हावं, एवढीच तात्यांची इच्छा राहिली होती. पाहुण्यांनाही ते पटलेलं दिसलं. दोघातिघांनी तर मान डोलावली.

आईने मला जवळ बसवलं. म्हणाली, "आण्णांचं नगं ऐकू. तू म्होरं हुतास तवर त्यांचा पाय निघत नव्हता, दुसरं काय न्हाय."

याचं शास्त्रीय कारण मला पाठ होतं. पुराव्याला डोक्यावर टेंगळंही होती. मी फक्त हेल्मेटची काळी काच खाली ओढली आणि तात्या गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडलो. कुणाला काही दिसलं नाही. सोय उत्तम आहे, फक्त आतल्या आत नाक पुसता येत नाही!