श्वास सोडा, बाहेर ऊस उभा आहे

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुलभा निमसे यांनी आपल्या दिराच्या उभ्या उसात नायलॉनची दोरी बांधून शेताचे दोन भाग केले. दोरीच्या अलीकडच्या सऱ्यांमधलं एकही हिरवं पान तोडणी होईपर्यंत कोणी ओढायचं नाही, असं ठरलं. पलीकडच्या सऱ्यांत दिरांना मोकळीक होती.

निमसे बाई श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी. नववीच्या पहिल्या तासाला त्या हजेरीही न घेता खिडकी उघडायच्या आणि म्हणायच्या, "सगळ्यांनी श्वास सोडा. सोडला? वाया गेला नाही. बाहेर ऊस उभा आहे." मग फळ्याकडे वळून त्या इतक्या भरभर लिहायच्या की खडू मोडायचा. मोडलेले दोन्ही तुकडे त्या वापरायच्या, एक डाव्या हातात.

एकदा त्यांनी लोखंडी घमेल्यात उसाच्या वाळलेल्या पानांचं पाचट भरून वर्गाबाहेर पेटवलं. घमेलं काठोकाठ भरलं होतं, शेवटी उरली चिमूटभर राख. ती तळहातावर घेऊन त्या बाकांमधून फिरल्या. मातीनं दिलेलं एवढंच, असं त्यांनी सांगितलं. बाकीचं सगळं हवेचं आणि पाण्याचं होतं, ते परत गेलं. मुळं पाणी आणतात. पानाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, त्यातून आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत जातो. उन्हाच्या जोरावर पान या दोहोंची साखर करतं आणि खाली कांडीत पाठवतं.

उसाची तर गंमत आणखी वेगळी, असं म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. उसाच्या पानात दोन प्रकारच्या पेशी. बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन पकडून आतल्या पेशींकडे पोचवतात, आणि साखर तयार होते ती आत. "बाहेर तोडणीची टोळी, आत गाळप. तुमच्या कारखान्याच्या आधी हे पानाला सुचलं." ऊसतोड कामगारांची मुलं हंगामापुरती वर्गात बसायला यायची. बाई हे वाक्य त्यांच्या बाकाजवळ उभ्या राहून बोलायच्या.

दोन वर्षांपूर्वी पावसानं ओढ दिली होती आणि चारा मिळत नव्हता. बाईंचे धाकटे दीर रामनाथ निमसे यांच्याकडे दोन दुभत्या म्हशी होत्या, आणि विहिरीच्या पाण्यावर तग धरलेला ऊस होता. गावात इतरांनी केलं तेच त्यांनीही केलं. ते उभ्या उसाची हिरवी पानं रोज ओढून म्हशींपुढे टाकू लागले. शाळेतून घरी येताना बाईंना ते दिसलं. त्यांनी गाडी बांधावरच सोडली.

"भावजी, कारखाना चालू असताना तुम्ही रोज त्याचं एकेक यंत्र उचलून म्हशीला घालताय," असं त्या म्हणाल्याचं रामनाथराव सांगतात. त्यांचं उत्तरही त्यांच्या लक्षात आहे. "वहिनी, तुमच्या पुस्तकातल्या उसाला म्हशी न्हाईत."

बोलणं वाढलं आणि त्यातून पैज लागली. पुढच्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. दोरीच्या दोन्ही बाजूंच्या गोडीत फरक पडला नाही, तर निरोप समारंभात आपण उठून बोलणार, असं रामनाथरावांनी जाहीर केलं. काय बोलणार तेही त्यांनी चावडीवर सांगून ठेवलं. "वहिनी तीस वर्सं पोरांना सांगत्यात, ऊस हवेचा हुतो. बास, येवढंच म्हननार. मंग हसायचं काम तुमचं."

अलीकडच्या सऱ्या बंद झाल्यानं म्हशींचा जेवढा चारा कमी पडणार होता, तो बाईंनी आणून द्यायचा होता. मग दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्या स्कूटीच्या पुढ्यात गवताचा भारा घेऊन यायच्या. शाळेच्या आवारातलं गवत संपल्यावर ओळखीच्या बागायतदारांकडून हत्तीघास मागून आणला. शाळेचा शिपाई त्यांना रोज विचारायचा, बाई, आज दूध किती निघालं?

संक्रांत झाल्यावर एका सकाळी कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे गावोगाव फिरून उसाच्या नोंदी घेणारा कर्मचारी, गोडी तपासायचं यंत्र घेऊन शेतावर आला. त्याचं नाव संतोष. तोही बाईंचाच विद्यार्थी. मी तेव्हा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात काम करत होतो, सुट्टीला गावी आलो होतो. बांधावर पंधरा-वीस माणसं होती.

संतोषनं दोरीच्या अलीकडचा ऊस टोचला, रसाचा थेंब काचेवर घेतला आणि यंत्र उजेडाकडे धरून आकडा वाचला. मग पलीकडचा ऊस टोचला. आकडा तोच आला. आणखी दोन ऊस पाहिले. फरक नव्हता.

कोणीतरी हसलं. रामनाथराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. बाई उसाजवळ सरीतच खाली बसल्या.

तिथूनच त्यांनी विचारलं, "संतोष, टोचलंस कुठं?"

"बुडख्यात, बाई. गोडी बघायची तर बुडख्यातच बघत्यात."

ते खरंच होतं. आमच्याकडे पाहुण्याला ऊस द्यायचा तर बुडख्याकडचा, म्हणजे जमिनीलगतचा देतात आणि शेंडा गुरांना जातो. बांधावरच्या एकालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. बाईंनाही नाही.

बाईंनी बुडख्याच्या कांडीवर बोट ठेवलं. "भावजी, या कांडीचं पान कधी वाळलं?"

"पावसाळ्यातच वाळलं आसंल."

"आणि तुम्ही पानं ओढायला लागलात दसऱ्याला."

त्या उठल्या. बोट एकेका कांडीवरून वर जाऊ लागलं आणि बोलणं भरभर होऊ लागलं. प्रत्येक कांडीला स्वतःचं पान असतं. बुडख्याच्या पानांनी आपलं काम ओढाओढीच्या आधीच उरकलं होतं, तिथं फरक दिसणारच नाही. दसऱ्यानंतर भरल्या त्या वरच्या कांड्या. बोट खांद्याच्या उंचीवर थांबलं. "इथं टोच. पलीकडंही जमिनीपासून मोजून हीच कांडी."

पलीकडच्या उसाला यंत्रातली रेघ चार घरं खाली होती, म्हणजे गोडी कमी.

बांधावर एकदम गलका झाला. बाईंनी हात वर करून तो थांबवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "एका उसावर बातमी होत नाही." दोन्ही बाजूंचे दहा-दहा ऊस जोडीजोडीनं तपासले गेले. नऊ जोड्यांत पलीकडचा ऊस कमी गोड निघाला. एकीत उलटं आलं. तेही त्यांनी मोठ्यानं सर्वांना वाचून दाखवायला लावलं. पदर खोचलेला, हातावर उसाच्या पानांचे ओरखडे, आणि प्रत्येक आकड्याला त्या टाचा उचलून यंत्रात डोकावत होत्या.

रामनाथरावांनी अलीकडची वरची कांडी दातानं सोलली आणि चावली. मग पलीकडची चावली. चोथा थुंकून ते म्हणाले, "फरक हाय. आता म्हशीला काय घालू, ते सांगा."

"ते माझ्या पुस्तकात नाही, भावजी," बाई म्हणाल्या. "म्हशींबद्दल तुमचं बरोबर होतं."

तीन दिवसांनी टोळी आली. दोन्ही बाजूंचा ऊस एकाच ट्रॉलीत गेला, त्यामुळे वजनात किती फरक होता ते कळलं नाही.

मे अखेरीस शाळेच्या पटांगणात निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ झाल्यावर रामनाथरावांनी माईक मागितला. "वहिनी तीस वर्सं पोरांना सांगत्यात, ऊस हवेचा हुतो," एवढंच बोलून ते खाली बसले. कोणी हसलं नाही. आभार मानायला उठलेल्या बाईंनी आधी सगळ्या सभेला श्वास सोडायला लावला.

जूनमध्ये बाई मुलीकडे पुण्याला राहायला गेल्या. त्याच महिन्यात रामनाथरावांनी विहिरीच्या कडेला, उसाच्या दोन सऱ्या मोडून, म्हशींसाठी हत्तीघास लावला. तो आजही तिथं आहे.