डिकीवरची थाप

आमच्या घरात एकामागून एक चार गाड्या आल्या आणि चौघींचं कंपनीने दिलेलं नाव तेच राहिलं. ह्यांचं म्हणणं असायचं, नाव चांगलं आहे, लाभलंय, कशाला बदलायचं? अहो, पण नाव सोडून बाकी सगळंच बदलायचं की! दर वेळी नवी गाडी दारात आली की मला वाटायचं, जुन्या ओळखीच्या बाईचं नाव सांगून कोणी भलतीच घरात शिरतेय.

हे रेल्वेत होते. बदली होऊन कोलकात्याला आलो ते दोन-तीन वर्षांसाठी, आणि राहिलो ते कायमचेच. ऑफिस गार्डन रीचला, म्हणजे शहराच्या पार त्या टोकाला, आणि घर घेतलं डमडमला, ह्या टोकाला. का, तर स्वस्त मिळालं. गल्ली इतकी अरुंद, की गाडी सरळ आत यायची, पण वळवायला जागाच नाही. बाहेर निघायचं तर अख्खी गल्ली उलटी जायची. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला लोकांच्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर पेपर वाचत बसलेले आजोबा.

म्हणून मी मागे उभी राहायचे. ते माझं काम होतं. पदर खोचून गाडीच्या मागे उभं राहायचं आणि ओरडायचं, "येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे घ्या, अहो डावीकडे!" काच वर असली की ओरडणं ऐकू जायचं नाही, मग डिकीवर थाप. एक थाप म्हणजे या, दोन म्हणजे थांबा. मुलगा लहान असताना माझ्या शेजारी उभा राहून तोही थापा मारायचा. गल्लीच्या तोंडाशी पोचलो की मी पुढे येऊन ह्यांच्या शेजारी बसायची आणि मग आमचं भांडण सुरू व्हायचं, की तू उशिरा सांगितलंस, की तुम्ही ऐकत नाही. शहराच्या मध्यावरचं एस्प्लनेड येईपर्यंत पुरायचं ते.

पहिली गाडी बुटकी होती. काचा हाताने फिरवायच्या, आणि आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं. पण मागची काच मोठी आणि डिकी खाली, त्यामुळे ह्यांना आरशात मी कमरेपर्यंत दिसायची. दुसरी आली ती नाक चेपलेली आणि पाठ उंच. "पोळ्यांचा डबा आणलात की हो," मी म्हटलं. दिवसभर फुगून बसले. पण आत जागा एवढी, की साताऱ्याहून आलेल्या सासूबाई मागे चक्क मांडी घालून बसायच्या. त्या गाडीत आरशात माझं डोकं आणि खांदे दिसायचे. तिसरी पुन्हा खाली आली, लांब झाली, देखणी झाली, मान्य करते. पण तिची डिकी अशी वर चढलेली आणि मागची काच अशी बारीक, की हे म्हणाले, "आता तुझा फक्त अंबाडा दिसतो."

त्या तिसरीला मागे काही आलं की पींपीं वाजणारं यंत्र होतं. तरी हे म्हणायचेच, "यंत्राचा काय भरवसा? तू उतर." मी कुरकुर करत उतरायची. भर पावसात, छत्री सांभाळत. आता वाटतं, बरं होतं ते.

चौथी दोन वर्षांपूर्वी आली, दिवाळीच्या आसपास. गिअर नाही, किल्ली फिरवायची नाही, बटण दाबलं की झालं. आणि मागे कॅमेरा. पहिल्या दिवशी मी सवयीने दार उघडून उतरायला लागले, तर ह्यांनी माझा हात धरला. "बस आत. आता उतरायची गरज नाही." समोरच्या स्क्रीनवर आमची गल्ली दिसत होती. पायऱ्या, गटार, आजोबा, सगळं. गाडी उलटी चालली आणि मी आत बसून होते. हातांचं काय करावं ते कळेना.

"म्हणजे मला रिटायर केलंत म्हणा!" मी म्हटलं. काय हसले! त्यानंतर पाच-सहा महिन्यांतच हे गेले. काही दुखलं-खुपलं नाही, सकाळी उठलेच नाहीत.

गाडी मी ठेवली. लायसन्स तरुणपणी काढलेलं होतं, आणि ह्या गाडीला गिअर नाही म्हणून मला जमली. सकाळी रस्ते रिकामे असताना काढते. बाजारात जाते, बँकेत जाते, कधी नुसतीच विमानतळापर्यंत जाऊन परत येते. घरात मराठी बोलायला आता कोणी नाही. गल्लीतली माणसं चांगली आहेत, 'मासीमा, मासीमा' करतात, पण बोलायचं ते बंगालीत. मराठी बोलायला मला गाडीच उरली आहे. सिग्नलला थांबले की मी ह्यांच्याशी भांडते. काच बंद असते, कोणाला कळत नाही. एकटं वाटतं मला, फार वाटतं. सांगायला लाज कसली?

मुलाच्या डोळ्यांत मात्र ही गाडी खुपायची. तो न्यू टाउनला राहतो. अर्ध्या तासाचा रस्ता, पण आयटीतली नोकरी, महिन्यातून एखादा रविवार मिळाला तर मिळाला. मार्चमध्ये कोणाच्या तरी पायरीला गाडी घासली, तेव्हापासून त्याने धोशा लावला होता. "आई, विकून टाकू. मोबाईलवर बोलावली की गाडी दारात येते."

"दारात येणारी गाडी नकोय मला. माझी हवी."

शेवटी त्यानेच तोड काढली. दसऱ्याला तो येणार, मी त्याला शेजारी बसवून एस्प्लनेडपर्यंत नेऊन आणायचं. नीट नेलं तर गाडी राहील. नाही तर चावी त्याच्याकडे. दसऱ्याच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी गेली तर मी बोलणार कोणाशी?

इथे वाहनांची पूजा दसऱ्याच्या आधीच, विश्वकर्मा पूजेला होते. सगळे रिक्षावाले, गॅरेजवाले तेव्हाच उरकून घेतात. आम्ही मात्र आमची दसऱ्यालाच करायचो, आणि शेजारणी दरवर्षी विचारायच्या, "पुन्हा पूजा?" मागच्या वर्षी हे गेलेले, तेव्हा काहीच केलं नव्हतं. यंदा पहाटे उठून गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आणि डिकीवरही बोट उठवलं, चांगलं ठसठशीत, नंबर प्लेटच्या वर मधोमध. तिथे माझा हात पडायचा ना इतकी वर्षं, म्हणून पहिल्या गाडीपासून मी तिथे कुंकू लावतेच.

मुलगा आला, शेजारी बसला, पट्टा लावला. परीक्षकासारखा मख्ख चेहरा. मी बटण दाबलं, गाडी रिव्हर्सला टाकली, आणि समोर स्क्रीन लालभडक!

गल्ली नाही, गटार नाही, काही नाही. नुसतं लाल. त्यात गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेचा मांडव, त्याचे बांबू दोन्हीकडून पार आमच्या गाडीपर्यंत आलेले, त्यामुळे यंत्राचा ठणाणा सुरू. कॅमेरा बिघडला, आजच बिघडला मेला!

"आई, थांब! लागून जाईल कुठे तरी," मुलगा ओरडला आणि उतरून मागे गेला. पाहिलं आणि तिथूनच हसायला लागला. "आई, तू कॅमेऱ्याला कुंकू लावलंस!"

शर्टाच्या बटणाएवढा तो कॅमेरा. मला काय माहीत तो नेमका तिथे असतो!

मला वाटलं, संपलं. आता हा आत येऊन चावी मागणार. पण तो आलाच नाही. मागेच उभा राहिला. आणि मग डिकीवर थाप पडली. एक.

माझा पाय आपोआप ब्रेकवरून उठला. पुन्हा एक थाप. "ये, ये, थोडं डावीकडे, आई, डावीकडे!" आरशात पाहिलं तर त्याच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस तेवढे दिसत होते. बांबूंमधून गाडी अशी सुळकन बाहेर निघाली, की पायरीवरच्या आजोबांनी पेपर खाली घेतला. मग दोन थापा. मी थांबले. रडूच आलं मला, पदराने डोळे पुसले, कोणी पाहायच्या आत.

तो येऊन बसला आणि आम्ही भांडलो. मी उशिरा वळवली म्हणे! तू उशिरा सांगितलंस, मी म्हटलं. एस्प्लनेडपर्यंत पुरलं. इतक्या दिवसांत इतकं बोलणं झालं नव्हतं आमचं. परत येताना विसर्जनाच्या मिरवणुका सुरू झाल्या होत्या, ट्रकवर देवी, ढाक वाजतायत, तरी गाडी मी अशी आणली की पोराने एकदाही दारावरचं हँडल धरलं नाही.

"चालव तू," तो दारात म्हणाला. "चावी तुझ्याकडेच राहू दे. उगाच घाबरत होतो मी." जिंकले मी! श्रीखंड-पुरी वाढली, त्याने दोनदा मागून घेतली.

निघताना तो पुन्हा गाडीमागे गेला. मोठा गुणी मुलगा आहे, खोटं कशाला बोलू. खिशातून रुमाल काढून, ओला करून त्याने कॅमेरा पुसला, कडेकडेने बोट फिरवून, अगदी स्वच्छ. मग मला आत बसवून स्क्रीन दाखवली. "बघ, सगळं दिसतंय. आता मागे कोणी उभं राहायची गरज नाही."

मोबाईलवर बोलावलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. तो त्यात बसून गेला. त्याची काळजी मिटली होती, चालण्यातच दिसत होतं ते. नोव्हेंबर सरत आला, त्यानंतर त्याला रविवार मिळालेला नाही.

मी रोज गाडी काढते. रिव्हर्सला टाकली की स्क्रीनवर आमची गल्ली दिसते. पायऱ्या, गटार, आजोबा, आणि मधे मी उभी राहायचे ती जागा, लख्ख. पुढच्या दसऱ्याला मी कुंकू तिथेच लावणार आहे. मुद्दाम.