शेवटची पानं नसलेला अमेरिकन

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नेवाशाकडच्या एका हायस्कुलात तात्पुरता शिक्षक होतो. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे संस्थेचे अध्यक्ष संमेलनानंतर ठरवणार होते. संमेलनात थोर पुरुषावर भाषण करायचं काम माझ्याकडे आलं.

मी भिंगारच्या रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी चरित्र आणलं होतं. गेल्या शतकातला अमेरिकन माणूस. आधी सैनिक, मग लाकडाचा व्यापारी, मग राजकारणी. पुस्तकाची शेवटची पानं गेली होती, बहुधा शेंगदाण्याच्या पुड्यांत.

हेडमास्तरांनी बजावलं होतं, "सर, अध्यक्षांचं नाव तीनदा तरी घ्या." आमच्याकडे भाषण कुणावरही असो, ते हार घातलेल्या माणसाबद्दलच असतं. त्या काळी मला स्वाभिमान परवडत असे, म्हणून मी एकदाही नाव घेतलं नाही.

अमेरिकन युद्धात लंगडा झाला, असं मी सांगितलं तेव्हा मंडपात खुसखुस झाली. अध्यक्ष फौजेतून पाय अधू होऊन आले होते. वखार काढली म्हटल्यावर लोक उघड हसले. अध्यक्षांची कापसाची जिनिंग होती. पण आता थांबता येईना. पुढचं वाक्य तोंडातून गेलंच, "पहिल्या निवडणुकीत तो सपाटून पडला."

अध्यक्षही पहिल्या निवडणुकीत पडले होते आणि यंदा पुन्हा उभे राहणार होते. हेडमास्तर सतरंजीकडे बघू लागले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

अध्यक्षांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, फुडं काय झालं त्याचं?"

थाप मारून त्याला निवडून आणणं सोपं होतं. का कोण जाणे, मी खरं सांगितलं. "दुसऱ्यांदा उभा राहिला. निकालाची पानं फाटलीत, साहेब."

अध्यक्ष पोट धरून हसले. "मंजी त्याचा बी निकाल अजून लागायचा हाय!"

मंडप असा कडाडला की कनातीचा एक बांबू निसटला. अध्यक्षांनी मला जवळ बोलावलं आणि तोच हार माझ्या गळ्यात घातला. झेंडू दिवसभर उन्हात राहून मलूल झाला होता, पण मी तो घरापर्यंत मिरवला. हारतुऱ्यांची टिंगल करण्यात माझी हयात गेली. ती संध्याकाळ मात्र मी त्यात धरत नाही.

सोमवारी कायम केल्याचं पत्र मिळालं.