वारसांच्या यादीत दोघंच

वडील गेले त्याला दोन महिने झाले होते. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी सहज मोबाईलवर आमच्या जमिनीचा फेरफार उघडला. फर्दापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून चार एकर. वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली. वारसनोंदीची नोटीस लागली होती: पत्नी एक, मुलगा एक. मुलगी नव्हतीच.

वाटलं, खाली सरकवलं की आणखी एक ओळ येईल. आली नाही.

मी हर्सूलला राहते, मुलांना गणित शिकवते. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. गावातच असतो, शेती तोच बघतो. त्याला शाळेतूनच फोन लावला.

"अक्का, ते नुसतं कागदावरचं असतंय," तो म्हणाला. "तुला कशाला हेलपाटे, म्हणून नाय घातलं नाव."

"मला विचारलंस?"

"इचारायचं काय त्यात? तू दिल्या घरची. तुला काय कमी हाय का?"

"कमी-जास्त राहू दे. मी अण्णांची मुलगी आहे का नाही, एवढं सांग."

त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी मायचा फोन. "सोडून दे बाई. रस्त्याकडच्या तुकड्यावर एक जण हॉटेल टाकायचं म्हणतोय, बोलणं झालंय. तू आडवी आलीस तर माहेर तुटंल." ती रडत होती. फोन ठेवल्यावर मीही ओट्यापाशी उभी राहून रडले. नवरा म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर, मी मधे पडणार नाही." त्याचा आधार वाटला नाही, पण अडथळाही वाटला नाही.

नोटिशीची मुदत संपायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनं रेशनकार्ड घेतलं आणि एसटीत बसले. तलाठी भला माणूस होता. माझा हरकतीचा अर्ज वाचून म्हणाला, "ताई, बहिणी बहुतेक सोडून देतात. लई ताणू नका."

"पोच द्या," मी म्हटलं.

हरकत आली म्हणून प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडे गेलं. सुनावणीला भाऊ मायला मोटरसायकलवर घेऊन आला. मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. भावानं शपथपत्र दिलेलं होतं, आपण एकुलते एक अपत्य म्हणून. खाली मायचीही सही.

साहेबांनी तिला विचारलं, "मावशी, मुलं किती तुम्हाला?"

माय भावाकडे बघायला लागली. तो खिडकीकडे बघत होता. मला तोंड उघडायचं होतं, पण मी जीभ दाताखाली धरली. हे तिनंच म्हणायला हवं होतं.

"दोन," माय म्हणाली. "ही थोरली."

"मग या कागदावर एकच कसा?"

"मला वाचता येत नाय साहेब. पोरगा म्हणला सही कर, केली." मग थांबून म्हणाली, "सही करायला हिनंच शिकवलं मला. चौथीत होती."

भाऊ पुटपुटला, "माय, गप." ती गप्प बसली नाही. माझा जन्म कुठं झाला, सुईण कोण होती, सगळं तिनं सांगितलं. साहेबांना लिहायला वेळ पुरेना.

तिघांची नावं लागली. सारखा हक्क. बाहेर येताच भावानं मला गाठलं.

"झालं समाधान? नाव लागलं ना? आता हक्कसोड करून दे. त्या माणसाला मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. सही माझी लागते."

"भावापरीस जमीन मोठी झाली व्हय तुला?"

"बहीण कागदावरून पुसताना तू काय मोजलंस?"

तो मोटरसायकल सुरू करून निघून गेला. मायला मी एसटीनं घरी पोचवलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तू लई हट्टी." तिनं माझा हात मात्र सोडला नाही.

हॉटेलवाला दुसरीकडे गेला. हक्कसोडीचे निरोप काकांकडून आले, मामांकडून आले, शेवटी भावजयीकडूनही आले. प्रत्येकाला मी तेच सांगितलं, नाही.

यंदा भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. तरी मी गेले. भावजयीनं पाणी दिलं. भाऊ मला बघून उठला आणि शेताकडे गेला. मी ओवाळणीचं ताट करून झाकून ठेवलं आणि मायच्या शेजारी अंथरूण टाकलं. तो दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. मी दोन दिवस राहिले.