लुगड्याचा बारदाना

मूर्खपणा आधीच कबूल करते. हृदयाच्या दुखण्यात मी डॉक्टरांना आठ आठवडे खोटं वजन कळवलं, तेही धानाच्या काट्यावर चढून, मापाऱ्याच्या साक्षीनं.

तेव्हा मी चाळिशीची. किलो नुकतेच आले होते, बायका अजून शेर-पायलीतच बोलत. छातीत धडधड व्हायची, थांबायची, पुन्हा व्हायची. नागपूरला कार्डिओग्राम काढला. बालाघाटच्या डॉक्टरांनी ती लांब पट्टी पाहून सांगितलं, "एट्रियल फिब्रिलेशन." म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात, नाडीला ताल राहत नाही. अंगाचा भार त्या हृदयावर पडतो, म्हणून वजन हळूहळू उतरवायचं, दर सोमवारी वहीत लिहायचं.

"एकाएकी वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साचलेलं पाणी असतं. त्याच दिवशी या."

घरी काटा कुठला? गल्लीमागं राइस मिल होती. तिथले मापारी गोविंदभाऊ पोतं तोलून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करत. त्याला बारदाना कापणं म्हणतात. पहिल्याच सोमवारी मी म्हटलं, "भाऊ, माहा बारदाना कापा."

"किती कापू, वहिनी?"

"लुगडं, पाटल्या, जोडवे. दोन किलो धरा."

त्यांनी हसत कापला. मला माझी हुशारी फारच आवडली. मग दर सोमवारी पाटल्या जड होत गेल्या. जेवण तेच, पण वहीत मी बारीक. डॉक्टर वहीवर विश्वास ठेवून शाबासकी देत, आणि मी बाई शाळकरी पोरीसारखी फुलून घरी येई.

आठव्या सोमवारी पाय सुजले होते. आडवं झालं की दम कोंडे, झोपायला उशा तीन लागत. काटा एकदम पाच किलोनं वर गेला.

"वहिनी, हे बराबर नाही दिसून राह्यलं."

"लुगडं ओलं आहे. तेवढं कापा."

गुरुवारी दोन पायऱ्या चढवेनात. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी वही पाहिली. पाणी साचल्याची खूण तिच्यात नव्हती, पायांची सूज मी उभ्यानं केलेल्या कामावर ढकलली, म्हणून छातीच्या दुसऱ्या आजाराचा तपास करण्यात अर्धा दिवस गेला. मग मला तिथल्या काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी तो आकडा वहीतल्या माझ्या शेवटच्या आकड्याखाली लिहिला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

इंजेक्शनं, लघवीची औषधं, बारा दिवस खाट. थकवा असा की कूस बदलायचाही कंटाळा. शेजारच्या खाटेवरची बाई विचारी, "काय झालं?" मी म्हणे, "अक्कल सुजली."

नाडीचा ताल तो कायमचाच गेला. पुढं वर्षभरात वजन खरंच उतरलं, तसा दम कमी लागू लागला. ज्यांना अशी वही मिळाली असेल त्यांनी दिसेल तो आकडा लिहावा. लाज वाटली तर वाटू द्यावी.

त्या बारा दिवसांत आमचे हे रोज कचेरीतून येऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसत. घरी जायच्या दिवशी त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि म्हणाले, "लपवाचंच होतं त माह्यापासून लपवतीस, डॉक्टरपासून कायले? म्या काय तुले दवा देऊन राह्यलो?"