दातांच्या डॉक्टरांचं नाटुकलं

आमच्या हौशी विनोदी मंडळात डॉक्टर आले ते विनोदामुळे नव्हे, जागेमुळे. आम्हाला दर शनिवारी संध्याकाळी बसायला खोली हवी होती आणि त्यांच्या दातांच्या दवाखान्याची बाहेरची खोली तेव्हा रिकामी असायची. फुकट मिळाली म्हणून घेतली. फुकटच्या जागेत बसलं की जागावाल्याचं ऐकूनही घ्यावं लागतं, हे जरा उशिरा कळलं.

आम्ही कोण, तर पोटासाठी भलतंच काहीतरी करणारी आणि शनिवारी पाच-पाच मिनिटांची नाटुकली लिहिणारी माणसं. माझं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. शिंपीदादा कोट शिवतात. एकानं लिहिलेलं दुसऱ्यांनी मोठ्यानं वाचायचं, मग सगळ्यांनी बरं-वाईट बोलायचं, ही आमची रीत. डॉक्टरांनी त्यात एक नियम घातला. चर्चा चालू असताना लेखकानं बोलायचं नाही. प्रयोगाच्या वेळी तुम्ही काय प्रत्येकाच्या कानात समजावून सांगणार का, असं त्यांचं म्हणणं. बरोबर होतं हो. ते बरोबरच बोलायचे, हीच तर पंचाईत होती.

पण मला विचाराल तर त्या नियमाचं मूळ वेगळंच होतं. या माणसाचा अख्खा जन्म आडव्या पडलेल्या, तोंडात कापूस कोंबलेल्या लोकांशी बोलण्यात गेला. यांनी हवामानापासून जावयापर्यंत वाटेल त्यावर बोलावं, समोरच्यानं फार तर "अं" करावं. उलट उत्तर कशाला म्हणतात ते बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

शिंपीदादांनी सासूवर लिहिलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सासू दारातून आत येते तिथेच विनोद मेला, पुढची सगळी पानं मयताला जमलेली गर्दी आहे. माझ्या नाटुकल्यात एक जोडपं लिफ्टमध्ये अडकतं. त्यावर म्हणाले, अडकले ते बरं झालं, बाहेर आले असते तर आणखी बोलले असते. माझ्या विनोदांना न हसलेली खोली या वाक्याला पोट धरून हसली. आणि प्रत्येकाचं असं सोलून झालं की, खुर्चीतल्या पेशंटला म्हणतात तसं म्हणायचे, "चूळ भरा." मी घरी जाऊन रडले आणि पुढच्या शनिवारी परत गेले. हौस फार वाईट.

स्वतः त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशातली गत. इथे तर झाकायलाही काही नव्हतं! या वर्षी मात्र आमच्या वार्षिक प्रयोगासाठी नाटुकली निवडायची वेळ आली आणि डॉक्टरांनी लिहिलं. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून टाकलं. शिंपीदादांकडे नवा कोट शिवायला टाकला. त्या शनिवारी पानं वाटताना ते दोनदा मोजायला चुकले, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नाटुकलं असं: एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको नाश्त्याला बसलेत. नवऱ्याची भूमिका शिंपीदादांकडे गेली. बायको माझ्या वाट्याला आली, पण मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी पानं वहिनींपुढे सरकवली. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या बायको. दवाखान्यात पेशंटना वेळ द्यायची, आणि शनिवारी आम्हाला कॉफी, एवढंच त्यांचं काम. मंडळात त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

नवरा पानभर बोलायचा. बायकोला वाक्य एकच, "अं." पहिला अं वहिनींनी सरळ वाचला. दुसऱ्याला एक सुस्कारा जोडला. तिसऱ्याला चष्म्यावरून नुसतं डॉक्टरांकडे बघितलं, आणि खोलीत जो हशा उसळला तो शेवटपर्यंत थांबला नाही. मी डोळे पुसत होते. डॉक्टर तर फुलून गेले.

मग चर्चा. कुणी म्हणालं छान, कुणी म्हणालं फारच छान. वहिनींनी पानं नीट जुळवून ठेवली आणि म्हणाल्या, "मला बोलायचंय. नवरा झकास उतरलाय. तो कसा बोलतो ते लेखकाला पाठ आहे. बायको काय बोलते हे मात्र त्यानं कधी ऐकलेलंच नाही, म्हणून जिथे तिथे अं लिहिलंय. खुशाल निवडा हे. फक्त बायकोची वाक्यं मी लिहिणार. पुष्कळ साठलीत."

मग शिंपीदादांचा हात वर गेला, माझा गेला, आणि बघता बघता सगळ्यांचे.

"अगं, पण मी..." डॉक्टर उठायला लागले.

"डॉक्टर," शिंपीदादा हळूच म्हणाले, "लेखकानं बोलायचं नाही."

डॉक्टर तसेच खाली बसले, तोंड अर्धवट उघडं. वहिनी उठल्या, आतून कागदी पेल्यात पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे धरलं.

"चूळ भरा."

मला हसायचं होतं. इतक्या शनिवारांचं हसू साठलं होतं. पण डॉक्टरांनी तो पेला घेतला, आणि खरंच चूळ भरली.